छी काकांचा बडग्या

नागपुरात इतवारीच्या मागच्या गल्लीत ईश्वरदास कुठे राहतात म्हणून विचारलं, तर पोरं नुसती तोंडाकडे पाहत राहतात. 'छी काका' म्हणा, हाताला धरून दारापर्यंत आणून सोडतील. नाव काही उगाच पडलेलं नाही. या माणसाचा सकाळचा पहिला शब्द 'छी' आणि झोपतानाचा शेवटचा शब्दही तोच. नाली दिसली, छी. दुधाची साय बोटाला लागली, छी. एकदा लग्नाच्या पंगतीत वाढप्याचा अंगठा वरणात बुडाला, तर हे ताटावरून उठून सरळ घरी! मुलीचा बाप मागे धावतो आहे, बायको लाजेने मान खाली घालून बसली आहे, आणि हे घरच्या नळाखाली हात खसाखसा धुताहेत.

आता खरं सांगायचं तर याला कारणही होतं. घर विणकरांचं. लहानपणी वडिलांच्या मागावर पांढरं लुगडं चढलेलं असायचं, आणि त्यावर बोटाचा एक डाग पडला तरी सगळी मेहनत मातीत. हात धुतल्याशिवाय मागाला शिवायचं नाही, हे पाठीत धपाटे खाऊन अंगात भिनलेलं. पुढे माग गेले, ईश्वरदासांनी लकडगंजात एका व्यापाऱ्याच्या दुकानावर उमेदीची वर्षं काढली, पण हात धुण्याचं वेड काही गेलं नाही. उलट म्हातारपणी ते फेनाईलच्या बाटलीपर्यंत जाऊन पोचलं.

बरं, देवाने अशा माणसाला शेजार द्यावा तो कुणाचा? रुपरावचा! रुपराव मूळचा खाप्याकडचा. भाऊ गावी वावर पाहतात, हा इतवारीत हातठेला ओढतो. नखं काळी, समोरचा एक दात पडलेला, कानाजवळ हा एवढा मस, आणि खांद्यावरच्या गमछ्याचा मूळ रंग कोणता हे त्याच्या आईलाही सांगता आलं नसतं. पण हे सगळं परवडलं. न परवडणारी गोष्ट म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून तळहातावर घोट घोट घोटायचा, डाव्या गालात बकाणा भरायचा, आणि मग जिथे असेल तिथे पच्च! त्याच्या घराचा ओटा लाल, नालीचा काठ लाल, विजेचा खांब कमरेपर्यंत लाल. तो 'पच्च' आवाज आला की आत जेवत असलेल्या ईश्वरदासांचा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा.

तर जूनमधल्या एका सकाळी ईश्वरदासांनी न्हाणीत इतकं फेनाईल ओतलं, की त्याच फेनाईलवर पाय घसरून ते आडवे झाले. खुब्याचं हाड मोडलं. कडी आतून. बाहेर कुसुमावती, त्यांची बायको, जिवाच्या आकांताने ओरडते आहे. तिचे गुडघे आधीच कामातून गेलेले, ती काय दार तोडणार! तिचा आवाज ऐकून धावत आला कोण? रुपराव. खांद्याने धडक देऊन दार उखडलं आणि आत पाहिलं, तर छी काका उघडेवाघडे फरशीवर पडलेले, आणि कळांच्या भरात व्हायचं ते सगळं तिथेच झालेलं. रुपराव सरळ आत शिरला. दोन तांबे पाणी ओतलं, हाताने धुऊन काढलं, खांद्यावरचा गमछा त्यांच्या कमरेला गुंडाळला आणि लेकरासारखं उचललं. जीव जातो की राहतो अशा कळा येत असताना हा माणूस काय म्हणाला असेल?

"छी! तो गमछा नको!"

ऑपरेशन झालं, घरी आले. पाय टेकायचा नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलं. संडास मागच्या अंगणात, तीन उंच पायऱ्या चढून. वॉकर तिथे काय कामाचा! हैदराबादच्या मुलाने, प्रज्वलने, पगारी माणूस ठेवू म्हटलं, तर हे खेकसले, "परका मानूस अंगाले हात लावीन? छी!" मग रुपरावच आला. कुणी बोलावलं नव्हतं. ठेला बाहेर काढायच्या आधी रोज सकाळी यायचा, यांना उचलून न्यायचा, बसवायचा, धुवायचा, अंघोळ घालायचा, परत पलंगावर आणून ठेवायचा, कुसुमावतीच्या हातचा चहा प्यायचा आणि जायचा.

आणि यातही त्याचा एक आगाऊपणा होताच. उंबऱ्याबाहेर आधी थांबायचं. खिशातून पन्नी काढायची, खर्रा सावकाश घोटायचा, गालात बकाणा भरायचा, आणि मगच आत पाऊल टाकायचं. रोज! अरे, लोक दुसऱ्याच्या घरात शिरताना चूळ भरून येतात, आणि हा पठ्ठ्या तोंड भरून येतो! तो उचलायला वाकला की फुगलेला गाल ईश्वरदासांच्या नाकाजवळ यायचा, तंबाखू-चुन्याचा भपकारा थेट मेंदूत जायचा. त्याच्या गळ्यात हात टाकताना ईश्वरदास श्वास रोखून धरायचे, तो थेट संडासात बसेपर्यंत. रुपराव गेला की त्याचा कप दोनदा विसळून घ्यायचे.

पण किळस एक वेळ सोसता येते हो. उपकार कसा सोसायचा? ज्याला पाहून जन्मभर नाक मुरडलं, त्याच्याच हातांनी रोज धुऊन घ्यायचं! रुपराव जितका निमूटपणे करायचा तितका यांचा जळफळाट वाढायचा. त्याने एकदा तरी तोंड वाकडं करावं, एकदा तरी मिजास दाखवावी, म्हणजे फिटंफाट झाली असती. तो हलकटासारखं वागतच नव्हता.

"अजी, एक शब्द तं बोला त्याले," कुसुमावती म्हणायची. "तोंड दुखते का तुमचं?"

"काय बोलू? थुंकीबहाद्दर, तुझे लय आभार?"

"हाव. तेच बोला. पन बोला."

प्रज्वलने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. कोट घातलेला एक गुळगुळीत माणूस सांगत होता, रोज सकाळी उठून तीन जणांचे आभार माना, मन आनंदाने भरून जाईल. ईश्वरदासांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि मोबाइल उशीवर आपटला. "याले कोनी उचलून संडासात नेत नाही न, म्हणून सुचते याले! तसं जाऊन पाह्य म्हणा एकडाव, मंग येते का आनंद!"

असा पावसाळा सरत आला आणि पोळा जवळ आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, इडापिडा घेऊन जाणारा बाईचा पुतळा, आणि तिच्यासोबत गल्लोगल्लीचे बडगे. वर्षभरात ज्या गोष्टीचा लोकांना वीट आला तिचा हा भला मोठा पुतळा करायचा, त्याला वाजतगाजत फिरवायचं, 'घेऊन जा गे मारबत' म्हणून घसा फाटेस्तोवर ओरडायचं आणि शेवटी जाळून टाकायचं. या गल्लीच्या बडग्याचं तोंड दरवर्षी ईश्वरदास करायचे. कागदाचा लगदा, त्यात मागावर लावायची तसली खळ, आणि बोटं अशी फिरायची की पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावं. किळस येणाऱ्या गोष्टीचं तोंड करायला छी काकांपेक्षा लायक माणूस मिळणार कुठे!

मंडळाचा पियुष येऊन म्हणाला, "काका, यंदा खर्ऱ्याचा बडग्या करू. सगळी गल्ली लाल करून ठेवली लोकांनी. बसल्या बसल्या तोंड करून द्या तुम्ही."

ईश्वरदासांचे डोळे चमकले. पुढच्या खोलीत खुर्ची टाकून ते कामाला बसले. लगदा थापता थापता डावा गाल जरा जास्त फुगला. फुगला तर फुगला. मग समोरचा एक दात पाडला. मग कानाजवळ बोटाने एक मस चिकटवला. मस चिकटवताना त्यांना पक्कं ठाऊक होतं आपण काय करतो आहोत. मनात आणलं असतं तर अंगठ्याने पुसून टाकता आला असता. पुसला नाही. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना बरं वाटत होतं. रोज सकाळी मला उचलतोस काय? घे!

कुसुमावतीने पाहिलं आणि तिच्या हातातली परात खाली आली. "अजी, हे तं रुपराव दिसून राहिला!"

"दिसला तं दिसला. तू चूप बस वं."

बडग्याच्या तोंडावर चादर टाकून ठेवली. रुपराव रोज तिच्या बाजूनेच जायचा. "दाखवा न भाऊ, काय बनवून राहिले?" म्हणायचा. "मारबतीच्या दिवशी पाहजो," असं म्हणून हे गालातल्या गालात हसायचे.

मारबतीच्या सकाळी रुपराव आपला ठेला दारात घेऊन आला. घासून धुतलेला! वर एक खुर्ची बांधलेली आणि खुर्चीवर स्वच्छ चादर. "ईश्वरभाऊ, तुमचा बडग्या आहे आन् तुम्ही घरात बसान का? चाला. तुम्हाले घान चालत नाही म्हनून चांगलं पानी मारलं ठेल्यावर." यांना उचलून त्याने खुर्चीत बसवलं. शेजारी पियुषच्या पोरांनी बडग्या उभा केला, तोंडावर चादर तशीच. आणि रुपराव दांड्याला छाती लावून ठेला ओढू लागला. त्या क्षणी ईश्वरदासांना वाटलं, ती चादर निघूच नये. पण ते बोलले नाहीत. लाज वाटली तरी माणूस गप्प बसतो, हा काय नवा रोग आहे?

चौकात आल्यावर पियुषने चादर ओढली. हास्याचा असा स्फोट झाला की ढोलवालेही थांबले.

"अबे, हे तं रुपराव होय!"

"मस पाह्य न बे, मस! हुबेहूब!"

रुपरावने वळून वर पाहिलं. पाहतच राहिला. मग तोही हसला. "मस्त बनवला गा भाऊ," म्हणाला. "मसबी सोडला नाही." तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी किंचाळलं, "थुंकणाऱ्याले घेऊन जा गे मारबत!" पोरांनी ते उचललं. त्यातला एक हलकट आणखी पुढे गेला, "रुपरावले घेऊन जा गे मारबत!" झालं! सगळा चौक तेच ओरडायला लागला. बायका गॅलरीतून ओरडताहेत, लेकरं बापाच्या खांद्यावरून ओरडताहेत, आणि ज्याचं नाव घेऊन ओरडताहेत तो माणूस मान खाली घालून ठेला ओढतो आहे. त्याचं हसणं कधीच थांबलं होतं. मुख्य म्हणजे त्या सबंध रस्त्यात तो एकदाही थुंकला नाही. तोंडातलं त्याने गिळलं असावं. खुर्चीवरून ईश्वरदासांना फक्त त्याची घामाने निथळणारी मान दिसत होती. 'बंद करा रे' एवढे तीन शब्द म्हणायचे होते. या माणसाच्या तोंडून तेही निघाले नाहीत. थू!

मैदानात बडग्या जळला. रुपरावने यांना घरी आणलं, उचलून पलंगावर ठेवलं, उशी सरळ केली. कुसुमावती चहा घेऊन आली. "नको वहिनी," म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. बाहेरून पच्च असा आवाजही नाही. ज्या आवाजाने जन्मभर घास अडला, त्याच्यासाठी ईश्वरदास कान लावून पडून राहिले. कुसुमावतीने उचलायचा प्रयत्न केला, तर दोघंही पलंगावर कोलमडली. सणाच्या दिवसांत पगारी माणूस मिळेना. मग पलंगावरच भांडं आलं, आणि ते वेळेवर सरकलं नाही की काय होतं ते सांगायला नको. कुसुमावती बिचारी तोंडाला पदर बांधून चादरी ओढत होती. खोलीत माशा घोंगावू लागल्या. फेनाईल शिंपडलं, उदबत्त्या लावल्या, तरी तो वास पलंगाच्या लाकडातून उठतच होता. आपल्याच अंगाचा. कुठे पळणार? नाली दिसली तर तोंड फिरवता येतं, स्वतःकडून कसं फिरवणार? ईश्वरदासांना आपल्या हातांची, आपल्या मांड्यांची, आपल्या श्वासाची शिसारी आली.

त्यातच पियुष बडग्यावरची चादर परत द्यायला आला. दारातच थबकला, रुमाल नाकावर गेला. "ठेवतो काका, येतो," म्हणून मागे वळला, आणि वळता वळता हळूच म्हणाला, "छी."

हळू म्हणाला, पण यांनी ऐकलं. तो शब्द आयुष्यभर दुसऱ्यांवर फेकला होता, अंगावर पहिल्यांदा पडला. आणि पडला तसं त्यांना लख्ख आठवलं, की न्हाणीतल्या त्या सकाळपासून मारबतीपर्यंत, हीच घाण रोज हाताने धुणाऱ्या रुपरावच्या तोंडून हा शब्द एकदाही आला नव्हता. ईश्वरदास भिंतीकडे तोंड करून रडले. कुसुमावती जवळ आली तर म्हणाले, "वॉकर दे. मले रुपरावच्या घरी जायचं आहे."

"पडान न, अजी!"

"पडू दे."

पुढच्या दाराच्या दोन पायऱ्या ते बसून उतरले. होय, छी काका, रस्त्याच्या पायऱ्यांवर बूड घासत! शेणाचे शिंतोडे, कुत्र्याचे केस, काही पाहिलं नाही. मोडका पाय अधांतरी, वॉकर ठक ठक, कुसुमावती दंड धरून मागे. रुपरावच्या लाल ओट्यापाशी आले तेव्हा धोतर मांडीपर्यंत मळलं होतं.

रुपराव ओट्यावर बसला होता. गाल बसलेला, तोंड रिकामं, एकदम म्हातारा दिसत होता. धडपडत उठला आणि यांना आधार देऊन ओट्यावर टेकवलं. "काहून आले गा भाऊ? पडले असते न पुन्हा!"

"तू काहून येत नाही?"

रुपरावने खाली पाहिलं. "तुम्हाले माझी किळस येते हे मालूम होतं मले. मी का लहान लेकरू आहे? पन चौकात उभं करून जाळावं अशी येते, हे मालूम नव्हतं."

आता खोटं बोलता आलं असतं. ईश्वरदास खरंच बोलले. "येते," ते म्हणाले. "आताबी येते. हे लाल पाहून पोटात ढवळून राहिलं माझ्या. पन रुपराव, तू मले एकडावबी छी नाही म्हटलं गा. तशा हालतीत धुतलं मले, तोंड नाही वाकडं केलं. आन् मी तुझं तोंड करून बडग्यावर लावलं. लय उपकार आहेत तुझे माझ्यावर. पहिल्याच दिवशी बोलाचं होतं. छी म्हनाले जीभ लय चालत होती माझी, आभार मानाले नाही चालली. माफ कर मले."

रुपराव एकाएकी फसकन हसला. "हट्! तुम्हाले काय वाटलं, मले नाही आली किळस? आली न गा! पहिल्या दिवशी घरी येऊन भडाभडा ओकलो. दोन दिवस वरन दिसलं का उमासे. मंग मले सुचलं, तोंडात बकाना असला का वास येत नाही. म्हनून तं दारात उभा राहून घोटत होतो. नाही तं मी पहिला खर्रा दुपारी खात होतो, ठेल्यावर. सकाळचा तुमच्यामुळं लागला!"

आता बोला! ज्या बकाण्यासाठी या माणसाला जाळलं, तो बकाणा यांच्याचसाठी होता.

ईश्वरदासांना काय करावं सुचेना. आधी डोळे भरून आले आणि मग हसू फुटलं. हसता हसता मोडलेला खुबा दुखायला लागला तरी थांबेना. किळस येत असताना हा माणूस रोज येत होता. रोज! इतकं कुणी आपल्यासाठी केलं, हे कळल्यावर त्यांना जे वाटलं त्याला आनंदच म्हणतात, आणि तो त्या थुंकीने माखलेल्या ओट्यावर, मळलेल्या धोतरात बसून वाटला. त्या कोटवाल्याला हे सांगून पटलं नसतं.

"चाल मंग," ते डोळे पुसत म्हणाले, "मले जोऱ्यानं लागली आहे."

रुपरावने खिसा चाचपला. "पन पन्नी नाही गा जवळ. त्या दिवसापासून शिवलो नाही खर्ऱ्याले. आन् त्याच्याबिगर आपल्यानं होत नाही, खरं सांगतो."

कुसुमावती कोपऱ्यावरच्या पानठेल्याकडे निघाली. दुखऱ्या गुडघ्यांनी गेली आणि पुडी घेऊन आली. ती रुपरावला देणार, तोच ईश्वरदासांनी हात पुढे केला. "आन इकडे." पन्नी तळहातावर ठेवून ते अंगठ्याने घोटू लागले. चुना बोटांना लागला, तंबाखूचा दर्प नाकात गेला, तरी घोटत राहिले.

"नीट जमत नाही भाऊ तुम्हाले," रुपराव म्हणाला.

"मंग शिकव."

रुपरावने त्यांच्या हातचा खर्रा गालात भरला आणि वाकला. ईश्वरदासांनी त्याच्या गळ्यात हात टाकला. घरापर्यंत आणि पुढे मागच्या पायऱ्या चढून संडासापर्यंत, सबंध वाटेत त्यांनी या वेळी श्वास रोखला नाही.